शून्य देणाऱ्या गल्लीतले इंजिनिअर

आमच्या गल्लीत इंजिनिअर एकच, अबुंदिओ तायपे. बाकी सगळे गवंडी, शिंपी, बसवाले आणि माझ्यासारखे किराणा दुकानवाले. या इंजिनिअरांनी आयुष्यात एक भिंत बांधली नाही की एक खिळा ठोकला नाही. ते आकड्यांचे इंजिनिअर. आमच्याकडे आकडेशास्त्र शिकलेल्यालाही इंजिनिअरच म्हणतात. त्यामुळे नळ गळायला लागला की नवा भाडेकरू आधी त्यांचं दार ठोठावायचा. ते नळाकडे बराच वेळ बघत, मान हलवत आणि म्हणत, "गळतोय खरा." मग तो माणूस प्लंबरकडे जायचा.

स्वारी सडाफटिंग. तपकिरी कोट, खिशात स्वतःचा कप. कुणाच्या घरी गेले तर, म्हणजे मुळात जायचे नाहीत, पण चुकून गेले तर कप बाहेर काढून पुढे धरायचे. माझ्या दुकानात अंडी घ्यायला यायचे तेव्हा एकेक अंडं दिव्यासमोर धरून पाहायचे. मागे रांग लागायची. मी म्हणायचे, "इंजिनिअरसाहेब, कोंबडीनेसुद्धा घालताना एवढा विचार केला नसेल." ते हसायचे नाहीत. आतून हसत असतील, असं मी धरून चालायचे.

त्यांचं काम काय होतं, ते मला त्या अंड्यांच्याच वेळी कळलं. शहरातल्या एका संशोधन संस्थेत ते नोकरीला होते. कुठलं घर दानधर्म करतं, किती करतं आणि का करतं, याचं गणित ते मांडायचे. देशभर बायका-पुरुष प्रश्नावल्या घेऊन घरोघर जायचे. घरात खाणारी तोंडं किती, मिळकत किती, शिक्षण किती, घर स्वतःचं की भाड्याचं, दर रविवारी चर्चला जाता का, हे सगळं विचारून आणायचे. मग इंजिनिअर त्यातून एक यंत्रासारखं गणित बनवायचे. घराची माहिती आत घातली की हे घर किती देईल, ते बाहेर यायचं.

"प्रत्येक घराला दोन दारं असतात, ओबदुलियाबाई," ते मला सांगायचे. "पहिलं दार उघडतं की नाही, हा एक प्रश्न. उघडलं तर किती उघडतं, हा दुसरा. बरीच घरं पहिल्या दारालाच बंद असतात. म्हणून दोन्ही दारांचं गणित वेगळं करावं लागतं."

"आणि आमच्या गल्लीतली दारं?"

ते अंडं खाली ठेवून म्हणाले, "तुमची गल्ली शून्य आहे."

मला झोंबलं. पण ते खरं बोलत होते, निदान कागदावर. पाहणीवाल्या बायका आमच्याही गल्लीत येऊन गेल्या होत्या. गेल्या बारा महिन्यांत तुमच्या घराने धर्मादाय म्हणून काही दिलं का, असं त्यांनी विचारलं. सगळ्यांनी नाही म्हणून सांगितलं. मीही नाही म्हणाले. समोरच्या एर्मेलिंदाला विचारलं तेव्हा ती दारात बसून स्वतःच्या घरचे पोतंभर बटाटे सोलत होती. पलीकडच्या शिंप्याचा पाय मोडला होता, त्याच्या पोयादासाठी, म्हणजे मदतीच्या कोंबडी-जेवणासाठी. ती त्या बाईला म्हणाली, "अहो, आम्ही कुठलं दान करणार? आम्हालाच कुणी करत असेल तर पत्ता देऊन ठेवा." आणि बटाटे सोलत राहिली.

सगळ्या गल्लीत हो म्हणणारं घर एकच निघालं, स्वतः इंजिनिअरांचं.

"मग पोयादा काय असते, इंजिनिअरसाहेब?" मी विचारलं. "कुणी आजारी पडलं, कुणाचं छप्पर उडालं, कुणाच्या मुलीची फी भरायची असली, की तिकिटं निघतात. आम्ही रात्रभर कोंबडी मसाल्यात मुरवत ठेवतो. शनिवारी सगळी गल्ली आपापली खुर्ची घेऊन येते. ते दान नाही?"

"ती खरेदी," ते म्हणाले. "तिकिटाचे पैसे दिले, कोंबडी मिळाली, बटाटे मिळाले. व्यवहार पूर्ण. दान कुठे आलं त्यात?"

"आणि तुम्ही तिकीट घेता आणि येतच नाही, ते?"

आता मात्र त्यांचा चेहरा उजळला. "ते दान! मी कोंबडी नेत नाही, म्हणजे सगळी रक्कम गरजूला पोचते. या गल्लीत खरा दाता मी एकटा आहे, बाई. माझं म्हणणं नाही, गणित म्हणतं."

प्रत्येक पोयादाचं तिकीट ते घ्यायचे, हे खरंच होतं. पाकिटात घालून, सुट्टे पैसे, वेळेवर. आणि प्रत्येक वेळी एर्मेलिंदा त्यांचं ताट वाढून, वर कापडाने झाकून बाजूला ठेवायची. संध्याकाळपर्यंत वाट बघायची. इंजिनिअर पंचवीस पावलांवर आपल्या घरात बसून एकटेच सूप प्यायचे. गल्लीत म्हणायचे, पैसे आले, माणूस काही आला नाही. रागाने नाही, नुसतं म्हणायचे. हळूहळू तेही म्हणेनासे झाले.

मग इंजिनिअर निवृत्त झाले आणि त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, दोन्ही डोळ्यांत.

आधी आमच्या लक्षात आलं नाही, कारण ते लक्षात येऊ देत नव्हते. अंडी अजूनही दिव्यासमोर धरायचे, पण आता भराभर. एकदा मीठ म्हणून साखर घेऊन गेले आणि परत करायला आले नाहीत, तेव्हा मला शंका आली. मग एका संध्याकाळी माझ्या दारात उभ्या केलेल्या गॅसच्या सिलिंडरला त्यांनी टोपी काढून "शुभ संध्याकाळ, बाई" म्हटलं. मी काउंटरमागून म्हणाले, "मी जाड झालेय हे मान्य आहे, साहेब, पण एवढीही नाही." ते लाल झाले. मला हसू आलं, आणि मग मी सिलिंडर मुकाट आत ओढून घेतला.

सरकारी दवाखान्यात नंबर लागायला वर्षं लागणार होती. डॉक्टर म्हणाले, एवढं थांबलात तर काही सांगता येत नाही. खाजगीत करायचं तर पैसा हवा. माझा समज होता की या कंजूष ब्रह्मचाऱ्याकडे गादीखाली गठ्ठे असतील. काही नव्हतं. बहीण वर डोंगराकडच्या गावी दीड वर्ष अंथरुणावर होती, सगळं तिच्या औषधपाण्यात गेलं होतं. हे त्यांनी गल्लीत कुणाला सांगितलं नव्हतं, मलाही नाही. डॉक्टरांची चिठ्ठी वाचून दाखवायला ते माझ्याकडे आले, तेव्हा बोलता बोलता तोंडातून निसटलं. घरात टेबलावर कागदांचे ढीग होते, निवृत्तीनंतरही त्यांचं गणित चालूच होतं. पण आता त्यांना स्वतःचे आकडे दिसत नव्हते. "दुसरं मला काही येत नाही, बाई," ते म्हणाले. एवढंच म्हणाले.

"मग पोयादा करू," मी म्हणाले.

"कुणाची?"

"तुमची."

मी त्यांना विवस्त्र व्हायला सांगितल्यासारखे ते उभे राहिले. म्हणाले, "मी घ्यायचं? लोकांकडून?" आणि अंडी तशीच काउंटरवर टाकून निघून गेले. मग कितीतरी दिवस दुकानाकडे फिरकले नाहीत. अंड्यांशिवाय हा माणूस जगतो कसा, म्हणून मी काळजीत. शेवटी एकदाचे आले ते बगलेत कागद घेऊन.

"करू. पण हिशेब माझा. कोण तिकीट घेईल, कोण येईल, किती कोंबडी आणायची, ते मी सांगणार."

मग आमची शाळा सुरू झाली. आकडे मी वाचायचे, कारण त्यांना दिसत नव्हते. गणित ते तोंडाने करायचे.

"चौदा नंबर. माणसं सहा, घर स्वतःचं, चर्चला नियमित. पहिलं दार उघडेल. येणार मात्र अर्धे."

"चौदा नंबर म्हणजे एर्मेलिंदा."

"असेल."

"असेल काय! तुमच्या समोर राहते ती. इतकी वर्षं तुमचं ताट झाकून ठेवतेय."

"कागदावर नावं नसतात, ओबदुलियाबाई. नावं घातली की माणूस एकेकाच्या भानगडीत अडकतो आणि गणित राहतं बाजूला."

बिअरवरून तर आमचं चांगलंच वाजलं. त्यांनी लिहायला सांगितलं, दोन पेट्या. मी म्हणाले, "अहो, दोन पेट्यांत काय होतंय? कोंबडी खर्चातच जाते, पैसा उरतो तो बाटलीत. लोक बसले, गाणी लागली, की बाटलीवर बाटली."

"डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लोकांना दारू पाजायची?"

"पाजायची नाही, विकायची."

"बाई, जो तिकीट घेऊन येत नाही, तोच सगळ्यात फायद्याचा. माझ्या जुन्या कचेरीतल्या लोकांना मी तिकिटं देणार आहे ती त्याचसाठी. ते नक्की येणार नाहीत." हे सांगताना त्यांना फार समाधान वाटत होतं.

मीही काही कमी शहाणी नव्हते. माझी खात्री होती की ओबदुलियाची कढई चढली की सगळी गल्ली येणारच. आजवर कधी आली नाही असं झालेलं नाही. म्हणून त्यांच्या आकड्यापेक्षा बरीच जास्त कोंबडी मी गुपचूप आणून ठेवली. पुढे जे झालं, त्यात त्यांचं गणितही आपटलं आणि माझी खात्रीही.

तिकिटं द्यायची रीत अशी की ज्याला गरज आहे त्याने, किंवा त्याच्या घरच्याने, दारोदार जाऊन हातात द्यायची. थोडं बसायचं, काय दुखतंय ते सांगायचं. इंजिनिअरांनी तिकिटं पाकिटांत घातली, सोबत टाइप केलेली दोन ओळींची चिठ्ठी, आणि भल्या सकाळी सगळ्या दारांखालून आत सरकवली. मी कपाळावर हात मारला. पण काय सांगू, दोन दिवसांत सगळी पाकिटं परत आली, त्यांच्या दाराखालून. प्रत्येकात पैसे, मोजून, सुट्टे. एकही घर सुटलं नाही.

"पाहिलंत?" पाकिटं चाचपत ते माझ्याकडे धावत आले. "सगळ्या घरांचं पहिलं दार उघडलं! तुमची गल्ली शून्य नाही, बाई. मी लिहून कळवतो संस्थेला." मलाही आनंद झाला, नाही कशाला म्हणू? त्या आनंदात ती पाकिटं बघून मला काही सुचायला हवं होतं, ते सुचलं नाही.

शनिवार उजाडला तो धुक्यात. आमच्या टेकडीवर त्या महिन्यांत धुकं असं उतरतं की वाळत घातलेले कपडे आणखी ओले होतात. मी पहाटेच इंजिनिअरांच्या अंगणात कढई लावली. लाल मिरची, लसूण, जिरं, व्हिनेगर यांत मुरलेली कोंबडी तेलात पडली आणि वास पार खालच्या बसथांब्यापर्यंत गेला. शिंप्याच्या घरून भोंगा आणून गाणी लावली. इंजिनिअर तपकिरी कोट घालून, केसांना पाणी लावून, खुर्चीवर ताठ बसले.

बारा वाजले. एक वाजला. दोन कुत्री आली, बसली. भोंगा रिकाम्या अंगणाला प्रेमाची गाणी ऐकवत होता.

सुरुवातीला इंजिनिअर खूश होते. "उत्तम चाललंय," ते मला म्हणाले. "जितके कमी येतील तितकं चांगलं." मी तळलेली कोंबडी परातीत रचत होते, तिचा ढीग झाला. दोन वाजले. मग त्यांनी मला भोंगा जरा हळू करायला सांगितलं. मान जरा फाटकाकडे वळवून ऐकत राहिले.

मग हळूच म्हणाले, "ओबदुलियाबाई, कुणी आलंय का? मला नीट दिसत नाही, म्हणून विचारतो."

मला खोटं बोलता आलं असतं तर बरं झालं असतं. "नाही, साहेब," मी म्हणाले. "कुणी नाही आलं."

त्यांनी मान हलवली, गळणाऱ्या नळाकडे बघून हलवायचे तशीच. माझ्या मात्र डोक्यात सणक गेली. झारा हातात तसाच घेऊन मी फाटकात गेले. समोर एर्मेलिंदा दारात उभी होती, चांगला इस्त्रीचा झगा घालून.

"काय गं, पाय मोडले का तुमचे सगळ्यांचे?" मी ओरडले. "इथे कोंबडीचा डोंगर झालाय!"

"अहो ताई, पैसे दिले ना आम्ही!" ती तिकडून ओरडली. "लगेच दिले, पाकिटात घालून!"

"पैसे दिले, पण माणसं कुठायत?"

"माणसं?" ती खरोखर गोंधळली. "अहो, त्यांना माणसं कुठे चालतात? ते आमच्याकडे असंच करतात ना, पैसे पाठवतात आणि येत नाहीत. आम्हाला वाटलं, त्यांच्याकडची रीत हीच. खाणं, पिणं, दंगा, त्यांना सगळं नकोसं होत असेल. त्यांचा तो कप आणि सगळं... माझे हे म्हणाले, आजारी माणूस आहे, उगाच जाऊन त्रास नको द्यायला."

मी झारा खाली केला. भांडायला यावं आणि समोरच्याने पाहुणचार करावा, तशी माझी गत झाली. त्यांनी सूड उगवला नव्हता. इंजिनिअर आमच्याशी जसे वागले, तसं ते त्यांच्याशी अगदी मन लावून, आदराने वागले होते. सगळी गल्ली आपापल्या घरी चांगले कपडे घालून बसली होती, सूप पीत.

मागे वळले तर इंजिनिअरांनी सगळं ऐकलेलं. डोळे गेले तरी कान शाबूत होते.

"तेरावा प्रश्न," ते म्हणाले.

"काय?"

"प्रश्नावलीत आधी तेरावा प्रश्न होता. तुमच्या घरी अडचण आली तेव्हा कोण कोण आलं होतं? मीच घातला होता आणि मीच काढला."

"का काढला?"

"उत्तर संपायचं नाही, बाई. लोक पाहणीवाल्यांना बसवून घ्यायचे. कॉफी करायचे. कोण आलं, कोण रडलं, कुणी भांडी घासली, कोणाचा मेहुणा कुठल्या बसने आला, सगळं सांगायचे. दिवसाला दोन घरं व्हायची. काम अडलं. आणि ज्या थोड्या घरांची उत्तरं आली, त्यात बाकीचे सगळे प्रश्न फिके पडायला लागले. मिळकत, शिक्षण, चर्च, कशाचीच किंमत राहीना. मला वाटलं, प्रश्नातच काहीतरी बिघाड आहे."

"मग आता घाला परत."

"आता कशाला? संस्थेत आता मी नाही."

"संस्थेचं राहू द्या हो! उठा आधी."

ते उठले. काठी घेतली. मी हात धरायला गेले तर म्हणाले, नको. फाटकाबाहेर पडले आणि नंबराप्रमाणे निघाले, कारण नावं त्यांना येत नव्हती. धुक्यात पहिल्यांदा त्यांनी शिंप्याच्या भिंतीवरच टकटक केलं. मग चाचपत दाराशी गेले. दार उघडलं. काहीतरी बोलले. पुढचं दार. मी फाटकात उभी राहून बघत होते. काय बोलतात ते ऐकू येत नव्हतं आणि तेल जळत होतं.

काय बोलले, ते एर्मेलिंदाने मला नंतर सांगितलं. दार उघडल्यावर टोपी काढून म्हणाले, "मी अबुंदिओ. समोर राहतो. मला एकट्याला जेवण जात नाही."

ऑपरेशनचं नाव नाही, पैशाचं नाव नाही. इतक्या वर्षांत त्यांनी पहिल्यांदाच दारात येऊन काही मागितलं, आणि मागितलं ते हे. एर्मेलिंदा म्हणाली, "ताई, मी खुर्ची उचलायलाच निघाले होते. पण मीही सोडलं नाही. म्हटलं, आणि आमच्याकडे तुमची झाकून ठेवलेली ताटं, त्यांचं काय?"

"मग?"

"म्हणाले, कोणी खाल्ली ती? म्हटलं, आमच्या कुत्र्याने. तर म्हणाले, मग त्यालाही घेऊन या, त्याची माझी ओळख व्हायला हवी."

आधी शिंपी आला लंगडत, खुर्ची डोक्यावर धरून. मग एर्मेलिंदा, तिचे ते बसवाले तिमोतेओ, मुलं, कुत्रा. मग धुक्यातून नुसत्या खुर्च्याच खुर्च्या येताना दिसायला लागल्या. ज्याला त्याला आधी इंजिनिअरांना चिडवायचंच होतं. एकजण म्हणाला, "साहेब, नळ गळतोय, बघता का?" तिमोतेओ म्हणाला, "आमची चौकशी करायला कचेरीतून बाया पाठवल्यात, तेव्हा स्वतः समोरून यायला बस मिळाली नाही का?" इंजिनिअर प्रत्येकाला "हो, चुकलंच" म्हणत होते आणि आवाजाकडे बघून नाव विचारत होते. कोंबडीचा ढीग बघता बघता खाली गेला. त्यांचा आकडा तुटपुंजा ठरला असता आणि माझी चोरून आणलेली कोंबडी कामी आली, पण ती गोष्ट मी त्यांना फक्त महिनाभरच ऐकवली.

दोन पेट्या बिअर कढई दुसऱ्यांदा तापायच्या आत संपली. मी पळत जाऊन दुकान उघडलं आणि होती तेवढी सगळी आणली. आमच्याकडे सगळ्यांत ग्लास एकच असतो. आपण ओतून घ्यायची, बाटली शेजाऱ्याला द्यायची, प्यायची, तळाचा फेस जमिनीवर झटकायचा आणि ग्लास पुढे. फिरत फिरत ग्लास इंजिनिअरांपर्यंत आला. सगळ्या माना त्यांच्याकडे वळल्या. त्यांचा हात सवयीने कोटाच्या खिशाकडे गेला, कपाकडे. मी जवळच उभी होते, मी त्यांच्या पायावर पाय दिला. हात परत आला. त्यांनी ग्लास घेतला, प्यायले, तोंड वाकडं केलं आणि फेस झटकला तो नेमका माझ्या बुटांवर. अंगण एवढं ओरडलं की भोंगा ऐकू येईना. त्या क्षणी मला तो म्हातारा इतका आवडला की मी पटकन कढईकडे वळले, तेल बघायच्या निमित्ताने.

त्या दिवशीच्या पैशांत एका डोळ्याचं ऑपरेशन बसलं. लोक म्हणाले, पुढच्या महिन्यात दुसऱ्यासाठी परत करू. इंजिनिअर म्हणाले, "नाही. आधी एर्मेलिंदाच्या छपराची पाळी आहे." मी त्यांच्याकडे बघतच राहिले. चौदा नंबर म्हणाले नव्हते.

पट्टी सुटल्यावर ते पहिले माझ्या दुकानात आले. अंडं उचललं, दिव्यासमोर धरलं, ठेवलं. मग मान उचलून माझ्याकडे एका डोळ्याने बघत राहिले.

"ओबदुलियाबाई," ते म्हणाले, "तुम्ही एवढ्या म्हाताऱ्या कधी झालात?"

"तुम्ही घरं मोजत होतात तेव्हा," मी म्हणाले.

ते हसले. बाहेरून हसले, मी दातही पाहिले. मी तांदळाच्या पोत्यांमागे जाऊन डोळे पुसून आले. राग आला नव्हता. इतक्या वर्षांत माझ्याकडे कुणी एवढं नीट बघितलं नव्हतं, आणि मला फार बरं वाटलं.

तेव्हापासून पोयादा कुणाचीही असो, सगळ्यात आधी खुर्ची इंजिनिअरांची. कढई तापायच्या आत येऊन बसतात आणि मध्ये मध्ये करतात. बटाटे सोलायला देतात त्यांना, पण ते निम्मा बटाटा सालीबरोबर घालवतात. एर्मेलिंदाचं छप्पर झालं, तेव्हा पत्रे उतरवून घ्यायला उभे राहिले आणि तपकिरी कोट फाडून घेतला. शिंप्याची आई गेली तेव्हा रात्रभर तिथेच बसले. पाळी येईपर्यंत वर्ष गेलं, मग त्यांच्या दुसऱ्या डोळ्याची पोयादा झाली. त्या वेळी मी विचारलं, "साहेब, कोंबडी किती आणू?" तर म्हणाले, "तुम्हाला काय वाटतं तेवढी. मी दारं वाजवायला निघालोय." तिकिटांचा गठ्ठा हातात होता, आणि एकही पाकीट नव्हतं.

परवा पाहणीवाली बाई आली. धुक्याने भिजून चिंब झालेली, त्याच संस्थेची, हातात तीच प्रश्नावली. इंजिनिअर माझ्या दुकानासमोरच्या बाकावर ऊन शोधत बसले होते. तिला ते कोण ते ठाऊक नव्हतं आणि त्यांनीही सांगितलं नाही. खाणारी तोंडं, मिळकत, शिक्षण, सगळं तिने विचारलं. ते शहाण्या मुलासारखी उत्तरं देत होते. मग तिने विचारलं, "गेल्या बारा महिन्यांत तुमच्या घराने धर्मादाय म्हणून काही दिलं का?"

वाक्य त्यांचंच होतं, शब्दन् शब्द. मी तांदळाचं माप हातात धरून थांबले. आता हा माणूस खुर्ची मागवणार आणि तिला दोन तास व्याख्यान देणार, अशी माझी खात्री.

इंजिनिअरांनी मनापासून विचार केला. आकाशाकडे बघितलं, बोटांवर काहीतरी आठवून पाहिलं.

"नाही हो, बाई," ते म्हणाले. "आम्ही कुठलं दान करणार? इकडेतिकडे जेवायला गेलो असेन, तेवढंच."

तिने शून्य लिहिलं. मी थोडा वेळ वाट बघितली, पण आपण काय बोलून गेलो, ते त्यांच्या लक्षात आलं नाही. ते तिला सांगत होते, भिजलात, आत या, ओबदुलियाबाई कॉफी देतील. मी कॉफीचं पाणी ठेवलं. आमच्या गल्लीत हो म्हणणारं एकच घर होतं, तेही गेलं. आता आमची गल्ली पुरती शून्य झाली.